साडेदहा मीटरचं स्टेशन: वेल्समधल्या दिआल्टची गोष्ट

मंडळी, आज तुम्हाला अशा एका स्टेशनवर घेऊन जायचं आहे जिथे मोटारीने पोचता येत नाही. तिथपर्यंत रस्ताच नाही. जवळ गाव नाही, बाजार नाही, चहाची टपरी तर नाहीच. डोंगरउतारावर एक लहानसा फलाट, बाजूला एक घर, मेंढ्या, नेचे आणि वेल्समध्ये नेहमीच पडणारा पाऊस. तुम्हाला तिथे उतरायचं असेल तर गाडीच्या गार्डला आधी सांगून ठेवावं लागतं, नाहीतर गाडी सरळ पुढे निघून जाते.

या स्टेशनचं नाव दिआल्ट. वेल्श भाषेतल्या दोन शब्दांचं मिळून हे नाव झालं आहे. अर्थ साधारण ‘काळा चढ’ किंवा ‘काळी टेकडी’. शेवटचा ‘ल’ जिभेच्या कडेने हवा सोडत म्हणायचा असतो. तो आपल्याला काही केल्या जमत नाही, तेव्हा आपण दिआल्टच म्हणू.

उत्तर वेल्समध्ये पोर्थमॅडॉग हे समुद्रकाठचं बंदर आणि ब्लायनाय फेस्टिनियॉग हे डोंगरातलं खाणगाव यांना जोडणारी साडेतेरा मैलांची फेस्टिनियॉग रेल्वे आहे. दिआल्ट तिच्यावरचं एक स्टेशन. ही रेल्वे आता वारसा रेल्वे म्हणून चालते. वाफेची इंजिनं, लाकडी डबे, सुट्टीला आलेली कुटुंबं. पण दिआल्टला पोचल्यावर एक विचित्र गोष्ट दिसते. रूळ स्टेशनला वळसा घालतो, गोल फिरतो आणि पुलावरून स्वतःलाच ओलांडून पुढे जातो. ब्रिटनमधल्या सार्वजनिक रेल्वेवर असा वेटोळं घालणारा रूळ दुसरीकडे कुठेही नाही.

हे वेटोळं कशासाठी? उत्तर एका वाक्यात सांगता येतं: सुमारे ३५ फूट, म्हणजे साडेदहा मीटर, उंची मिळवण्यासाठी. तीन मजली इमारतीएवढी उंची. तेवढ्यासाठी शेकडो माणसांनी तेरा वर्षं आपल्या सुट्ट्या दगड फोडण्यात घालवल्या. का, ते समजायला आधी या रेल्वेचं विज्ञान पाहावं लागेल.

उतारावर चालणारी रेल्वे

ब्लायनाय फेस्टिनियॉगच्या डोंगरात स्लेटच्या खाणी आहेत. स्लेट म्हणजे आपल्या लहानपणीच्या पाटीचा दगड. तो पातळ पापुद्र्यांत फोडता येतो, पाणी पीत नाही आणि वर्षानुवर्षं टिकतो. ब्रिटनमधल्या आणि बाहेरच्याही कितीतरी घरांची छपरं या दगडाची आहेत. खाण डोंगरात, गिऱ्हाईक समुद्रापलीकडे. दगड बंदरावर आणायचा कसा, हा प्रश्न होता.

१८३२ साली या रेल्वेसाठी ब्रिटिश संसदेत कायदा झाला आणि १८३६ साली ती सुरू झाली. मार्गाची आखणी जेम्स स्पूनर यांनी केली. रुळांमधलं अंतर फक्त ५९७ मिलिमीटर, म्हणजे दोन फुटांना थोडं कमी. त्या वेळी या मार्गावर इंजिन नव्हतं. भरलेल्या वाघिणी वरून सोडायच्या आणि त्या आपल्या वजनाने बंदराच्या दिशेने घरंगळत जायच्या. ब्रेक लावायला माणसं बसलेली असायची. रिकाम्या वाघिणी घोड्यांनी वर ओढून न्यायच्या. परतीच्या प्रवासात घोडेसुद्धा त्यांच्यासाठी जोडलेल्या खास वाघिणीत उभे राहून, चारा खात, फुकट खाली यायचे!

आता स्पूनर यांची अडचण लक्षात घ्या. उतार फार कमी ठेवला तर वाघिणी हलणार नाहीत. फार जास्त ठेवला तर ब्रेकला आवरणार नाहीत आणि घोड्यांना रिकाम्या वाघिणीही वर नेता येणार नाहीत. लोखंडी चाक लोखंडी रुळावर फार सहज फिरतं. सपाट रुळावर एक टन वजन हलतं ठेवायला पाच-सहा किलोग्रॅम वजनाएवढा जोर पुरतो. १:८० चा उतार असेल, म्हणजे ८० मीटर अंतरात एक मीटर उंची, तर गुरुत्वाकर्षण प्रत्येक टनामागे साडेबारा किलोग्रॅमच्या जोराने खाली ओढतं. हा जोर घर्षणापेक्षा जास्त, म्हणून गाडी घरंगळते. पण इतका जास्तही नाही की हाताने लावलेल्या ब्रेकला दाद देणार नाही. स्पूनर यांनी मार्गाचा बराचसा भाग साधारण याच उताराभोवती ठेवला. डोंगराच्या कडेकडेने, प्रत्येक नाल्याला आत-बाहेर वळसे घेत, पण कुठेही उलटा चढ येऊ न देता.

हीच गोष्ट ऊर्जेच्या भाषेत सांगू. एक टन दगड समुद्रसपाटीपासून २१० मीटर उंचीवर असेल तर त्यात साठलेली ऊर्जा म्हणजे वस्तुमान गुणिले गुरुत्वत्वरण गुणिले उंची: १००० × ९.८ × २१० = सुमारे २० लाख ज्यूल. विजेच्या बिलावरच्या भाषेत ०.५७ युनिट. निसर्गाने ही ऊर्जा दगडात आधीच भरून ठेवली होती. रेल्वेने ती फक्त खर्च केली.

टेकडीशी पहिले दोन सामने

दिआल्टच्या पुढे मोएल्विन डोंगराची एक सोंड आडवी येते. सुरुवातीला ती ओलांडायला वाघिणी एका बाजूने दोरांनी वर ओढायच्या आणि दुसऱ्या बाजूने खाली सोडायच्या. ओढण्याचं काम पाण्यावर चालणारं चाक करायचं. हे काम संथ होतं आणि खर्चाचंही. मग १८४२ साली सोंडेच्या आरपार ६६८ मीटरचा बोगदा झाला. बंदरापर्यंत उतार सलग झाला. हा बोगदा लक्षात ठेवा. पुढे सगळं महाभारत त्याच्यावरूनच घडणार आहे.

१८६३ साली या अरुंद मार्गावर वाफेची इंजिनं आली. त्याच वर्षी आपल्याकडे बोरघाटातून गाड्या धावू लागल्या, हा एक योगायोग. १८६९ साली ‘लिट्ल वंडर’ नावाचं रॉबर्ट फेअर्ली यांच्या पद्धतीचं इंजिन आलं. त्याला दोन्ही टोकांना धुरांडं होतं आणि खाली वळणाबरोबर वळणारे दोन चाकसंच. १८७० साली त्याच्या चाचण्या बघायला रशियाचं शिष्टमंडळ आलं आणि लंडनमधल्या इंडिया ऑफिसचे प्रतिनिधीही आले. भारतात स्वस्त रेल्वेसाठी रूळ किती रुंद असावेत, हा वाद तेव्हा चालू होता. भारताने शेवटी मीटरगेज निवडला. फेस्टिनियॉगएवढा अरुंद नाही, पण अरुंद रूळही मोठं काम करू शकतात हा विश्वास जगाला देण्यात या छोट्या रेल्वेचा वाटा होता. पुढे दार्जिलिंग आणि माथेरानच्या गाड्या दोन फुटी रुळांवर धावल्या.

या सगळ्या काळात दिआल्ट हा एक आडवाटेचा थांबा होता. जवळच त्याच नावाचा जुना दगडी वाडा आणि पुढे बोगद्याचं तोंड. एवढीच त्याची ओळख.

कायद्यात बंद करण्याची सोयच नव्हती

स्लेटचा धंदा उतरला, मोटारी आल्या आणि १ ऑगस्ट १९४६ रोजी या रेल्वेवरची मालवाहतूक थांबली. इथे एक गमतीदार कायदेशीर योगायोग घडला. १८३२ च्या मूळ कायद्यात रेल्वे बांधायची परवानगी होती, पण मोडीत काढायची तरतूदच नव्हती. त्यासाठी संसदेत नवा कायदा करावा लागला असता आणि त्याला पैसे पडले असते. म्हणून कंपनीने काहीच केलं नाही. रूळ, इंजिनं, डबे, सगळं जिथल्या तिथे गंजत पडलं. रुळांमध्ये झुडपं वाढली.

१९५१ साली जवळच्याच तालिल्लिन रेल्वेवर हौशी स्वयंसेवकांनी गाड्या चालवायला सुरुवात केली. जगातली अशी ती पहिली रेल्वे. त्या यशाने फेस्टिनियॉगच्या चाहत्यांना धीर आला. १९५४ साली ॲलन पेग्लर यांनी कंपनीचा ताबा मिळवला आणि १९५५ साली पोर्थमॅडॉगहून बोस्टन लॉजपर्यंतचा एक मैल पुन्हा सुरू झाला. मग एकेक स्टेशन पुढे सरकत १९५८ साली गाडी तान-अ-बुल्खपर्यंत पोचली. पुढचं स्टेशन दिआल्ट. त्याच्यापुढे बोगदा, आणि मग ब्लायनाय.

पण बोगद्याच्या पलीकडे तोवर वेगळीच तयारी चालली होती.

डोंगरावरची बॅटरी

त्या भागात वीज मंडळाला एक केंद्र उभारायचं होतं. पण ते आपल्या नेहमीच्या ओळखीचं जलविद्युत केंद्र नव्हतं. ते वीज साठवणारं केंद्र होतं.

वीज साठवून ठेवणं अवघड असतं. औष्णिक किंवा अणुकेंद्रं रात्री चटकन बंद करता येत नाहीत. रात्री लोक झोपलेले, वीज उरलेली. संध्याकाळी सगळे एकदम दिवे आणि चहाच्या किटल्या चालू करतात, तेव्हा वीज कमी पडते. त्यावर उपाय असा: दोन तलाव करायचे, एक डोंगरावर, एक पायथ्याशी. रात्री उरलेल्या विजेने पाणी वर चढवायचं. गरज पडली की तेच पाणी टर्बाइनमधून खाली सोडायचं. वाटेत काही ऊर्जा वाया जाते. ढोबळमानाने चार युनिट घातले तर तीन परत मिळतात. पण हवी तेव्हा मिळतात, आणि तीही मिनिटभरात.

या केंद्राचा वरचा तलाव स्टूलान आणि खालचा तानग्रिशाय. दोघांच्या उंचीत सुमारे ३०० मीटरचा फरक. आता मघाचंच गणित पुन्हा करा. एक टन पाणी, ३०० मीटर उंची: १००० × ९.८ × ३०० = सुमारे २९ लाख ज्यूल, म्हणजे ०.८२ युनिट. केंद्राची क्षमता ३६० मेगावॉट, म्हणजे पूर्ण जोरात चालताना सेकंदाला शंभराहून जास्त टन पाणी खाली यायला हवं. अशी चार तास वीज द्यायची तर पाणी किती लागेल, याचा तुम्हीच अंदाज करा. वीस लाख टनांच्या घरात जातं! एवढं पाणी मावेल असा तलाव खालीही लागतो. तो तलाव भरला की रेल्वेचा जुना मार्ग आणि बोगद्याचं उत्तरेकडचं तोंड पाण्याखाली जाणार होतं.

१९६३ साली राणी एलिझाबेथ यांच्या हस्ते केंद्राचं उद्घाटन झालं. ब्रिटनमधलं या प्रकारचं हे पहिलं मोठं केंद्र. (महाराष्ट्रात घाटघरला याच तत्त्वावर २५० मेगावॉटचं केंद्र आहे.) रेल्वेचा मार्ग मधोमध तुटला.

इथे थांबून विचार करण्यासारखं आहे. ही रेल्वे जन्मली ती उंचीवरच्या दगडाची ऊर्जा वापरायला. तिचा मार्ग बुडाला तो उंचीवर चढवलेल्या पाण्याची ऊर्जा वापरायला. सूत्र तेच, अक्षरं तीच. वीज मंडळाचं चुकलं असंही सरळ म्हणता येत नाही. देशाला विजेची गरज होती आणि बंद पडलेल्या, गंजलेल्या रेल्वेपेक्षा ती मोठी मानली जाणं साहजिक होतं. रेल्वेवाल्यांनी नुकसानभरपाईसाठी दावा लावला. तो १९७२ पर्यंत चालला आणि भरपाई मिळाली. पण निकालाची वाट बघत ते बसून राहिले नाहीत.

साडेदहा मीटर कुठून आणायचे?

तलाव टाळायचा तर नवा मार्ग जुन्यापेक्षा वरून न्यायला हवा होता. वरून म्हणजे किती? दिआल्टपाशीच सुमारे साडेदहा मीटरची भर, आणि तिथून पुढे चढत जाऊन तलावाच्या काठाने पलीकडे. पण दिआल्टपर्यंतचा जुना मार्ग तसाच राहणार होता. मग ही भर घालायची कुठे?

सोपं उत्तर: चढ वाढवा. पण तेच परवडत नाही. १:८० च्या चढावर इंजिनाला प्रत्येक टनामागे साडेबारा किलो चढाचे आणि पाच-सहा किलो घर्षणाचे, मिळून अठराएक किलोचा जोर लागतो. तोच चढ १:४० केला तर चढाचे पंचवीस आणि घर्षणाचे पाच-सहा, म्हणजे तीसच्या वर. त्याच इंजिनाला मग डबे जवळजवळ निम्मे करावे लागतील. म्हणजे निम्मे प्रवासी, निम्मी तिकिटं. एका ठिकाणचा तीव्र चढ साऱ्या मार्गावरची गाडी लहान करतो. माथेरानच्या गाडीला १:२० चा चढ आहे, म्हणून ती इतकी छोटी आणि इतकी हळू असते.

चढ वाढवायचा नसेल तर लांबी वाढवायची. साडेदहा मीटर चढायला १:८० च्या चढाने ८४० मीटर रूळ हवा. डोंगराच्या सोंडेवर एवढी जास्तीची जागा सरळ रेषेत मिळणार कुठून? आपल्या बोरघाटात इंग्रज अभियंत्यांना हाच प्रश्न पडला होता, तिथे चढ १:३७ पर्यंत होता. त्यांनी खंडाळ्याखाली गाडी उलट फिरवायची सोय केली. गाडी एका फाट्यावर पुढे जायची, थांबायची आणि दुसऱ्या फाट्याने उलट दिशेने चढायची. यात वेळ जातो. दार्जिलिंगच्या मार्गावर दुसरा उपाय केला आहे. बतासिया लूपमध्ये रूळ गोल फिरून स्वतःच्याच डोक्यावर येतो. दिआल्टला तोच उपाय निवडला गेला. गेराल्ड फॉक्स या स्थापत्य अभियंत्याने ही कल्पना मांडली आणि तिच्या कामाची धुराही उचलली.

इथे अरुंद रुळांचा फायदा होतो. गाडीची दोन चाकं एका आसावर पक्की बसवलेली असतात, म्हणून ती एकाच वेगाने फिरतात. पण वळणावर बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा लांब असतो. किती लांब? पूर्ण वर्तुळ फिरलं तर फरक २ × π × रुळांमधलं अंतर एवढा. गंमत म्हणजे वर्तुळ मोठं असो की लहान, फरक तेवढाच! फेस्टिनियॉगसाठी तो ३.७५ मीटर येतो. भारतातल्या ब्रॉडगेजवर, १६७६ मिलिमीटर रुंदीसाठी, तो साडेदहा मीटर झाला असता. चाकाची कड थोडी निमुळती असते. बाहेरचं चाक सरकून आपल्या मोठ्या व्यासावर चालतं, आतलं छोट्यावर, आणि फरक बऱ्याच अंशी भरून निघतो. रूळ जितके अरुंद, तितकं हे जमवणं सोपं. म्हणून छोट्या गाड्या अशा जागी वळतात जिथे मोठ्या गाड्यांचा निभाव लागणार नाही.

पहार, घमेली आणि सुट्टीचे दिवस

जानेवारी १९६५ मध्ये दिआल्टला पहिली कुदळ पडली. त्या वेळी प्रवासी गाडी दिआल्टपर्यंतही येत नव्हती. रस्ता तर नव्हताच. माणसं, हत्यारं, सिमेंट, रूळ, खाणं, सगळं रुळावरून किंवा खांद्यावरून आणावं लागायचं. काम करणारे होते विद्यार्थी, शिक्षक, कारकून, अभियंते. शनिवार-रविवार, ईस्टर, उन्हाळ्याची सुट्टी, मिळेल तेव्हा यायचे. पहारी, फावडी, हातगाड्या आणि छोट्या रुळांवरच्या उलटणाऱ्या वाघिणी हे त्यांचं साहित्य. डोंगर कापायचा आणि त्यातून निघालेल्या दगडाचा भराव पुढे टाकायचा.

यात एका शेजाऱ्याची मोलाची मदत झाली. दिआल्टच्या जुन्या वाड्यात राहणारे कर्नल अँड्र्यू कॅम्पबेल पेशाने वकील होते. त्यांच्या वाड्यालाही रस्ता नव्हता. म्हणून रेल्वेने त्यांना स्वतःचा एक छोटा फलाट आणि स्वतःचं छोटं डिझेल इंजिन चालवायची मुभा दिली होती. त्यात बसून ते रस्ता असलेल्या स्टेशनपर्यंत जायचे आणि तिथून कचेरीला. त्यांच्याकडे सुरुंग लावण्याचा परवाना होता. स्वयंसेवकांना त्यांनी राहायला जागा दिली आणि खडक फोडून द्यायला हातभार लावला. त्यांचा फलाट आजही ‘कॅम्पबेल्स प्लॅटफॉर्म’ या नावाने आहे.

एप्रिल १९६८ मध्ये प्रवासी गाडी दिआल्टला पोचली आणि या स्टेशनचे सोन्याचे दिवस सुरू झाले. नऊ वर्षं ते शेवटचं स्टेशन होतं. उन्हाळ्यात गाड्या भरून लोक यायचे, उतरायचे, दरीचा देखावा बघायचे, इंजिन पुढून सोडवून मागे लावलेलं बघायचे आणि परत जायचे. बाजूला डोंगरावर भराव वाढताना दिसायचा. तिकिटाचे पैसे त्याच भरावात जात होते. १९७१ साली खालच्या रुळावरून वरचा रूळ नेणारा रोसलिन पूल झाला. वेटोळं पुरं झालं.

पण सोंड अजून आडवी होतीच. जुना बोगदा आता निरुपयोगी. पाणी शिरू नये म्हणून तो आतून बंद केलेला. नवा बोगदा हौशी माणसांच्या आवाक्यातला नव्हता. १९७५ ते १९७७ या काळात कॉर्नवॉलमधल्या कथिलाच्या खाणींत तयार झालेल्या तीन खाणतज्ज्ञांनी लहानशा तुकडीच्या मदतीने सुमारे २९० मीटरचा नवा बोगदा खोदला. आतल्या भिंतींवर काँक्रीटचा फवारा मारून तो पक्का केला. १९७७ साली गाडी तलावाच्या काठी पोचली, १९७८ साली तानग्रिशायला आणि १९८२ साली ब्लायनाय फेस्टिनियॉगला. रेल्वे बंद पडल्याला तेव्हा ३६ वर्षं झाली होती.

जिंकल्याची किंमत

या विजयाला दोन वेगळ्या बाजू आहेत आणि त्या मला महत्त्वाच्या वाटतात.

पहिली बाजू उताराची. नवा मार्ग वीजकेंद्राच्या मागून, डोंगरावरून पाणी आणणाऱ्या मोठ्या नळांना ओलांडत जातो. तिथे त्याचा सगळ्यात उंच बिंदू आहे. तिथून पुढे तानग्रिशायकडे तो खाली उतरतो आणि जुन्या मार्गाला मिळतो. म्हणजे ब्लायनायहून निघालेल्या गाडीला आता आधी थोडा चढ चढावा लागतो. स्पूनर यांनी कुठेही उलटा चढ न येऊ देता जो मार्ग आखला होता, त्याच्या मध्ये आता एक उंचवटा आहे. खाणीपासून बंदरापर्यंत नुसत्या वजनावर येणारी वाघीण आता येऊ शकत नाही. खास प्रसंगी जुन्या वाघिणी घरंगळवून दाखवतात, पण त्या उंचवट्याच्या खालच्या भागात. रेल्वे वाचली, पण ती ज्या कल्पनेतून जन्मली ती कल्पना मात्र सलग उरली नाही.

दुसरी बाजू खुद्द दिआल्टची. जोवर मार्ग तुटलेला होता, तोवर हे स्टेशन महत्त्वाचं होतं. मार्ग जोडला आणि त्याचं काम संपलं. गाड्या पुढे जाऊ लागल्या, लोक ब्लायनायला उतरू लागले. गाड्या एकमेकींना ओलांडायचा दुसरा रूळही पुढे काढून टाकला. तेरा वर्षं राबून लोकांनी एका स्टेशनला बिनमहत्त्वाचं केलं आणि यातच त्यांचं यश होतं.

२०२१ साली वायव्य वेल्समधल्या स्लेटच्या प्रदेशाला युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यात ही रेल्वेही आहे. वीजकेंद्रही अजून उभं आहे. एकेकाळी न्यायालयात समोरासमोर असलेले दोघे आज एकाच खिडकीतून दिसतात.

गेलात तर काय बघाल?

ब्रिटनमध्ये असाल, किंवा सुट्टीत येणार असाल, तर पोर्थमॅडॉगहून ही गाडी पकडा. दिआल्टला थांबते का, ते त्या दिवसाच्या वेळापत्रकात पाहून घ्या आणि गार्डला सांगायला विसरू नका. जाताना खाणं, पाणी आणि पावसाळी कोट बरोबर ठेवा. तिथे काहीही मिळत नाही. परतीची गाडी किती वाजता आहे, हेही नीट विचारून घ्या.

उतरलात की वेटोळ्याच्या मधल्या टेकाडावर चढा. तिथून तीन गोष्टी शोधा. खालचा रूळ, ज्यावरून तुम्ही आलात. वरचा रूळ, ज्यावरून गाडी पुढे गेली. आणि तिसरी, थोडं शोधावं लागेल, जुन्या बोगद्याकडे सरळ जाणारी, आता गवत उगवलेली रिकामी वाट. खालच्या आणि वरच्या रुळाच्या उंचीतला फरक नजरेने मोजा. मुलं बरोबर असतील तर त्यांना विचारा, एवढंच चढायला गाडीला केवढा वळसा घ्यावा लागला आणि का. कागद-पेन्सिल बरोबर असेल तर ८० ने गुणायला लावा. उत्तर त्यांच्या डोळ्यांसमोरच पसरलेलं असेल.